घट आणि पात्र : ग्रंथ कोठे असतो, या प्रश्नाचा अंबाजोगाईच्या संदर्भात विचार

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे नगर मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दोन नावांनी ओळखले जाते. पहिले नाव मुकुंदराजांचे. त्यांच्या ‘विवेकसिंधू’चा रचनाकाळ ग्रंथातच शके १११० म्हणजे इ. स. ११८८ असा सांगितलेला आहे. या काळाविषयी आणि मुकुंदराजांच्या स्थानाविषयीही पंडितांत वाद आहे. विदर्भातील आंभोरेही त्यांच्यावर हक्क सांगते. दुसरे नाव दासोपंतांचे (१५५१–१६१५). त्यांच्याविषयी असा वाद नाही. नारायणपेठेत जन्मलेला हा दत्तभक्त बेदरच्या राज्यातून निघून अंबाजोगाईस स्थिरावला आणि तेथेच त्याने देह ठेवला. सव्वा लाख ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला ‘गीतार्णव’ त्यांचाच. त्यांना रोज एक ढब्बू पैशाची शाई लागत असे, ही आख्यायिका त्या परिसरात आजही ऐकावयास मिळते.

बौद्ध अध्ययनाच्या नियतकालिकात या दोन वेदान्ती ग्रंथकारांचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. साहित्य ही कोणत्या प्रकारची वस्तू आहे आणि तिच्याने मनुष्याचे हित नेमके कसे साधते, हा प्रश्न पालि परंपरेने फार बारकाईने हाताळलेला आहे. परंतु त्याची चर्चा हवेत करण्यापेक्षा एखाद्या डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूपासून आरंभ करणे बरे. तशी एक वस्तू अंबाजोगाईस आहे.

ती वस्तू म्हणजे दासोपंतांची ‘पासोडी’. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा विषय ओवीबद्ध लिहिला. सोळाशे ओव्यांची म्हणून ती सांगितली जाते. मराठीत हस्तलिखिते पुष्कळ आहेत. पण पांघरण्याच्या वस्त्रावर उतरलेला एवढा मोठा तत्त्वग्रंथ दुसरा दाखविता येणार नाही. पासोडी पाहावयास जाणारे बहुतेक लोक तिचे दर्शन घेतात, लांबी पाहून थक्क होतात आणि परततात. वाचणारा क्वचितच.

पंचीकरण म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आकाश, वायू, तेज, आप व पृथ्वी ही पाच सूक्ष्म भूते. प्रत्येकाचे दोन अर्धे करावयाचे. एक अर्धा जसाच्या तसा ठेवावयाचा. दुसऱ्याचे चार भाग करून ते उरलेल्या चार भूतांत वाटून द्यावयाचे. म्हणजे प्रत्येक स्थूल भूतात अर्धा अंश स्वतःचा आणि एकअष्टमांश प्रमाणे चार अंश इतरांचे. या हिशेबाने देहाची फोड करीत गेले की ‘मी’ म्हणून ज्याला आपण कवटाळतो तो भुतांचा मेळ आहे, असे साधकाच्या लक्षात यावे, हा हेतू.

अभिधम्माच्या विद्यार्थ्यास ही पद्धती परकी वाटत नाही. तेथे महाभूते चार. आकाश हे महाभूत नव्हे, त्याची गणना उपादारूपात होते. पण देहाची फोड करून त्यावरील ममत्व सैल करावयाचे, ही दिशा एकच. भेद पुढे आहे. सर्व फोड झाल्यावर वेदान्ती साक्षी आत्मा शिल्लक ठेवतो. पालि परंपरा काहीही शिल्लक ठेवत नाही. हा भेद लहान नाही आणि तो पुसून टाकणारा समन्वय प्रस्तुत लेखकास मान्य नाही. तरीही पासोडी पाहताना जो विचार मनात येतो तो या भेदाविषयीचा नसून दुसराच आहे. देह हा केवळ भुतांचा संघात आहे, असे शिकविणारा हा ग्रंथ स्वतः एक देह होऊन बसला आहे. कापड आणि शाई यांची पूजा होते. मग ग्रंथ कोणता? कापड? अक्षरे? ओव्यांचा नाद? की वाचणाऱ्याच्या मनात उमटणारा अर्थ?

हा प्रश्न प्राचीन बौद्ध आचार्यांनी अगदी याच शब्दांत विचारला होता. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या पहिल्याच प्रकरणात तो आला आहे. बुद्धाने सांगितलेले ऐंशी हजार धर्मस्कंध पाच स्कंधांपैकी कोणत्या स्कंधात घालावयाचे? बुद्धवचन म्हणजे वाणी असे ज्यांचे मत, त्यांच्या मते ते रूपस्कंधात पडते, कारण ध्वनी हे रूप आहे. बुद्धवचन म्हणजे नाम असे ज्यांचे मत, त्यांच्या मते ते संस्कारस्कंधात जाते. सर्वास्तिवाद्यांनी नामकाय, पदकाय व व्यंजनकाय अशा तीन स्वतंत्र सत्ता मानल्या होत्या. त्या ध्वनीहूनही वेगळ्या आणि चित्ताहूनही वेगळ्या. वसुबंधूने पुढे दुसऱ्या प्रकरणात त्या स्वतंत्र सत्तेवर आक्षेप घेतला. ठराविक संकेताने उच्चारलेला ध्वनी अर्थ कळवितो, एवढे पुरेसे असता आणखी एक अदृश्य वस्तू मध्ये कशाला कल्पावी, असा त्याच्या आक्षेपाचा आशय आहे.

थेरवादाने तिसरी वाट धरली. ‘धम्मसंगणी’च्या मातिकेत अधिवचन, निरुत्ति आणि पञ्ञत्ति अशी युगुले आहेत, अट्ठकथांनी आणि पुढे अनुरुद्धाचार्यांच्या ‘अभिधम्मत्थसंगहा’ने पञ्ञत्तीचे दोन प्रकार केले. जिचे ज्ञान करून दिले जाते ती अर्थपञ्ञत्ति. जिच्याने ज्ञान करून दिले जाते ती नामपञ्ञत्ति. ती परमार्थधर्मात मोडत नाही. तिला उत्पत्तीही नाही आणि लयही नाही. कारण ती मुळी त्या अर्थाने ‘असते’च असे नाही. ती व्यवहारात असते. ‘मिलिंदपञ्हा’त रथाच्या दृष्टान्ताने नागसेन हेच राजाला पटवून देतो. नागसेन हे केवळ नाव आहे, आस, चाके, जू यांच्या आश्रयाने ‘रथ’ असा व्यवहार होतो तसा.

मीमांसकांचा नित्य शब्द आणि भर्तृहरीचे शब्दब्रह्म यांच्यासमोर ही भूमिका ठेवून पाहिली म्हणजे तिचे गांभीर्य लक्षात येते. शब्द नित्य असेल तर तो कोणाच्या तरी ताब्यात असतो; तो जसा आहे तसाच राखणे हे एका वर्गाचे कर्तव्य आणि त्या वर्गाचा अधिकार बनतो. शब्द व्यवहारात असेल तर तो व्यवहार करणाऱ्या सर्वांचा. येथे तत्त्वमीमांसा आणि समाजरचना एकमेकींस चिकटलेल्या आहेत. ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न शुष्क पांडित्याचा नाही.

आता दासोपंतांकडे परत येतो. कारण याच मुद्द्यावर त्यांनी एक असा युक्तिवाद केला आहे की जो पालि अभ्यासकाने डावलू नये. मराठीत ग्रंथ का लिहावा, याचे समर्थन करताना ते घटाचे उदाहरण घेतात. संस्कृतात ‘घट’ म्हटले म्हणजे संपले. पण डेरा वेगळा, रांजण वेगळा, सुगड वेगळे. दासोपंत अशी नावांची मोठी माळच पुढे ठेवतात. त्यांचा सवाल असा की, एका ‘घट’ शब्दाने यांपैकी नेमके कोणते भांडे हाती येणार? ज्या भाषेत भेद सांगता येत नाही ती ज्ञानाची एकमेव भाषा कशी?

या युक्तिवादाचे कौतुक वाङ्मयेतिहासकारांनी मराठीचा अभिमान म्हणून केले आहे. प्रस्तुत लेखकास त्यात अधिक काही दिसते. सामान्यवाचक शब्दाला स्वतःची सत्ता नाही, तो वापराने पोट भरतो, हे त्यात अध्याहृत आहे. दिङ्नागाचा अपोहसिद्धान्त दासोपंतांनी अभ्यासला असेल असे मुळीच नाही. त्यांची परंपराच निराळी. पण कुंभाराच्या आव्यासमोर उभे राहून विचार करणारा मनुष्य शब्दब्रह्माच्या वाटेने फार पुढे जाऊ शकत नाही.

आणि ही नावे आली कोठून? ती पंडितांनी घडविली नाहीत. ती कुंभारांनी, पाणी भरणाऱ्या स्त्रियांनी, ताक घुसळणाऱ्या हातांनी घडविली. ग्रंथाने त्यांच्याकडून शब्द घेतले. पण ज्यांचे शब्द घेतले त्यांच्या घरी तो ग्रंथ गेला नाही. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांच्यासाठी तर पासोडी उलगडण्याचा प्रश्नच नव्हता. दासोपंतांवर हा व्यक्तिगत दोषारोप नव्हे. परंतु भाषेचा उगम श्रमिकांत आणि ग्रंथाचा अधिकार इतरत्र, ही स्थिती नमूद न करता केवळ मराठीच्या वैभवाचे गोडवे गाणे इतिहासकारास शोभत नाही.

दासोपंतांच्या घटाशेजारी पालि वाङ्मयातील एक पात्र ठेवावयाचे आहे. मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्त (क्रमांक १३९) हे कलह टाळण्याविषयीचे सुत्त आहे. त्यात भगवान बुद्ध म्हणतात की जनपदांच्या भाषेचा दुराग्रह धरू नये आणि लोकव्यवहारातील नावाचे उल्लंघनही करू नये. उदाहरण भांड्याचेच आहे. एकाच पात्राला कोठे पाती म्हणतात, कोठे पत्त, कोठे वित्थ, कोठे सराव, कोठे धारोप, कोठे पोण, कोठे पिसील. ज्या प्रदेशात जावे तेथील लोक ज्या नावाने ते ओळखतात त्या नावाने बोलावे. आपलेच नाव खरे व इतरांचे खोटे, असा हट्ट धरू नये.

वरवर पाहता दोन्ही उदाहरणे एकमेकांच्या उलट आहेत. दासोपंतांकडे भांडी अनेक व शब्द एक. सुत्तात भांडे एक व शब्द अनेक. एकाची तक्रार शब्दांच्या दारिद्र्याविषयी, दुसऱ्याचा इशारा शब्दांच्या अहंकाराविषयी. तथापि दोघेही जेथे बोट ठेवतात ते स्थान एकच आहे. भांडे भरावयाचे असते. त्यात पाणी, ताक, भिक्षा असते. नावाचे काम हाताला योग्य भांड्यापर्यंत नेणे, एवढेच. फरक असा की दासोपंत या विचारावर थांबून भाषेची बाजू घेतात. बुद्ध तेथून कलहाच्या मुळाकडे वळतात.

चुल्लवग्गातील प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्षुबंधूंनी बुद्धवचन छंदात बसविण्याची अनुज्ञा मागितली. निरनिराळ्या कुळांतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीने वचन बिघडवीत आहेत, ही त्यांची तक्रार होती. बुद्धाने त्यांना फटकारले आणि बुद्धवचन ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा दिली. आधुनिक अभ्यासक याचा अर्थ ‘आपापल्या भाषेत’ असा करतात व आपल्याला तो प्रिय आहे. पण प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की बुद्धघोषाचार्यांनी याचा अर्थ ‘बुद्धाच्या स्वतःच्या भाषेत’, म्हणजे मागधीत, असा केला. लोकभाषेला मोकळीक देणारे वचनही काही शतकांत एका पवित्र भाषेचे कुंपण बनू शकते. ही गोष्ट आमच्याच परंपरेत घडलेली आहे. शब्दाला नित्यत्व देण्याचा मोह केवळ मीमांसकांचा नव्हे.

मग ग्रंथ टिकतो कोठे? सिंहलद्वीपाच्या इतिहासात याचे दोन प्रसंग आहेत. इ. स. पूर्व पहिल्या शतकात वट्टगामणी राजाच्या काळापर्यंत तिपिटक मुखोद्गत होते. दीघभाणक, मज्झिमभाणक असे त्याचे वाहक होते. दुष्काळ आणि परचक्र यांत ते वाहक नष्ट होऊ लागले तेव्हा ते लिहून काढण्यात आले. ‘समन्तपासादिके’त त्या संकटकाळाची एक विलक्षण कथा आहे. ‘महानिद्देस’ हा ग्रंथ एकाच भिक्षूस येत होता आणि तो भिक्षू दुराचारी होता. महारक्खित थेर त्याच्याकडे जाऊन शिकण्यास तयार नव्हते. अखेर आग्रह झाल्यावर ते गेले आणि ग्रंथ शिकून आले. म्हणजे एक संपूर्ण ग्रंथ त्या काळी एका पतित मनुष्याच्या स्मृतीत, आणि फक्त तेथेच, अस्तित्वात होता. ग्रंथाने त्याला शुद्ध केले नव्हते. तरीही तो नसता तर ग्रंथ नसता.

साहित्याने मनुष्य आपोआप उन्नत होतो, असे सभासंमेलनांतून सांगितले जाते. वरील कथा त्या भाबड्या समजुतीस पुरेसे उत्तर आहे. अलगद्दूपमसुत्तात बुद्धाने हेच सर्पाच्या उपमेने सांगितले आहे. सुत्त, गेय्य इत्यादी नऊ अंगे पाठ करूनही, वाद जिंकण्यासाठी जो ती पाठ करतो, त्याला ती शेपटीकडून धरलेल्या सर्पाप्रमाणे डसतात.

दुसरा प्रसंग अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकथेत आहे. त्याच संकटानंतर पांसुकूलिक आणि धम्मकथिक यांच्यात वाद झाला. शासनाचे मूळ पटिपत्ति की परियत्ति, आचरण की ग्रंथाध्ययन? धम्मकथिकांचा पक्ष विजयी झाला. त्यांचा दृष्टान्त असा की बैल हजार असले तरी गाय नसेल तर वंश चालत नाही. तद्वत् विपश्यना करणारे हजार असले तरी परियत्ति नसेल तर मार्गाचा वेध होणार नाही. बीडच्या शेतकऱ्याला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. माझे स्वतःचे मत या निर्णयाच्या बाजूने आहे. पण गाय ही दावणीला बांधून पूजण्याची वस्तू नव्हे, एवढी पुस्ती जोडावीशी वाटते.

वाचन, श्रवण आणि पठण यांनी हित कसे होते याची प्रक्रिया पालि वाङ्मयात स्पष्ट आहे. अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातात पाच विमुत्तायतने सांगितली आहेत. धम्म ऐकताना, दुसऱ्यास सांगताना, सज्झाय म्हणजे पठण करताना, मनात त्याचा विचार करताना, अथवा समाधिनिमित्त नीट धरताना, या पाचांपैकी कोणत्याही प्रसंगी अर्थाचा आणि धम्माचा अनुभव येतो. त्यातून प्रामोद्य, प्रामोद्यातून प्रीती, प्रीतीतून कायेची प्रशांती, त्यातून सुख आणि सुखी मनाला समाधी. पाचांपैकी पहिली चार स्थाने सरळसरळ वाङ्मयव्यवहाराची आहेत. येथे ग्रंथ ही वस्तू नसून प्रत्यय आहे; कारणसामग्री जुळली तर त्यातून आनंद उपजतो, न जुळली तर नाही. पासोडीवरील ओव्या वाचल्या जात नाहीत तोवर ते कापड आहे. हे पासोडीचे अवमूल्यन नव्हे. आमच्या कपाटांतील तिपिटकाच्या संचालाही हाच न्याय लागू आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या गोष्टीची पूर्ण जाणीव होती. १९५० साली ‘महाबोधी’ नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी बौद्ध वाङ्मयाचा अफाट विस्तार ही धम्मप्रसारातील अडचण म्हणून दाखविली आणि सामान्य माणसाला जवळ बाळगता येईल अशा एका ग्रंथाची गरज प्रतिपादिली. त्याच वर्षी औरंगाबादेस त्यांच्या संस्थेचे महाविद्यालय सुरू झाले. त्यास पुढे मिलिंद हे नाव आणि परिसरास नागसेनवन हे नाव देण्यात आले. प्रश्न विचारणारा राजा आणि शब्दाची सत्ता उलगडून दाखविणारा भिक्षू, ही दोन नावे मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाच्या आरंभी असावीत, यास मी योगायोग मानत नाही. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. लहान, क्रमांकित वाक्यांची त्याची रचना मोठ्याने वाचण्यास आणि थांबून समजावून सांगण्यास सोयीची आहे. पुढे तो ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या नावाने मराठीत आला आणि घराघरांत पोहोचला.

बीड जिल्ह्यापुरते एक उदाहरण येथे देतो. दुकडेगावच्या पोतराजाच्या घरी जन्मलेले एकनाथ आवाड (निधन २०१५) यांनी मानवी हक्कांच्या चळवळीत आयुष्य वेचले आणि २००६ साली धम्माचा स्वीकार केला. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘जग बदल घालुनी घाव’ हे आहे. अण्णा भाऊ साठे यांनी बाबासाहेबांवर रचलेल्या गीतातील ते शब्द. एक शाहीर ते शब्द रचतो, सभांमधून ते गायिले जातात, एका मनुष्याच्या आयुष्याची दिशा सांगण्यास ते पुरे पडतात आणि पुन्हा ग्रंथाच्या मुखपृष्ठावर येतात. या प्रवासात त्या शब्दांचे ‘स्थान’ कोणते, असे विचारल्यास कागद हे उत्तर अपुरे आहे आणि आकाशातील नित्य शब्द हे उत्तर निरर्थक आहे. ते हस्तांतरात होते.

आता शेवटची गोष्ट. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावासात जिल्ह्यातील विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन चालते. संध्याकाळी शेतातून परतलेल्या स्त्रिया व मुले बसतात. शिकलेली एखादी मुलगी वाचते. विमुत्तायतनांपैकी श्रवण, कथन आणि पठण ही तिन्ही तेथे एकाच छपराखाली असतात. आणि वर्षावास संपतो न संपतो तोच ऊसतोडीचा हंगाम येतो. उचल घेतलेली कुटुंबे मुकादमाच्या मागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. ती परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. विहारातील ग्रंथ वस्त्रात गुंडाळून ठेवला जातो. ते वस्त्र स्वच्छ असते, त्यावर फुलेही वाहिली जातात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठी आणि पालि या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा दिला. त्याचा आनंद आम्हा पालि शिकविणाऱ्यांना झाला, हे लपविण्याचे कारण नाही. मात्र त्याच महिन्यात एका वस्तीवरील वाचनाच्या समारोपास गेलो असता एका बाईने विचारलेला प्रश्न मजजवळ अद्याप अनुत्तरित आहे. ग्रंथ अर्धाच झाला होता. कारखान्याची गाडी चार दिवसांनी येणार होती. उरलेला भाग कोपीवर वाचावयास नेला तर चालेल का, की तो विहारातच ठेवला पाहिजे, असे ती विचारीत होती. ग्रंथ नेण्यास हरकत नाही, हे मी तत्काळ सांगितले. त्यावर ती म्हणाली, “नेते, पण तिथं वाचून दाखवंल कोण? पोरगी तर इथंच शाळंला राहणार.”